जुन्या मशीनवर कार्डाचा स्कोअर कमी येतोय? आधी कार्ड कशासाठी थांबतंय ते बघा

सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड आणलं, जुन्या मशीनमध्ये बसवलं, बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणारी टेस्ट, लावला आणि स्कोअर इतरांपेक्षा बराच खाली आला, की पहिला संशय कार्डावर जातो. माझ्या सांगलीच्या वर्कशॉपमध्ये अशी मशीन सतत येतात. बहुतेक इंजिनिअरिंगच्या पोरांची, काही लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांची. "ताई, कार्ड बोगस दिलंय, हे बघा" असं म्हणत मोबाइलवर स्क्रीनशॉट पुढे करतात. त्यांचा राग मला समजतो, कारण ते पैसे साठवून घेतलेलं असतं. पण त्यातली बरीच कार्डं चांगली असतात. ती नुसती थांबलेली असतात. कधी प्रोसेसरसाठी, कधी डेटा यायची वाट अरुंद झालीय म्हणून, कधी तापलीत म्हणून. कार्ड कशासाठी थांबलंय हे ते स्वतःच सांगतं, फक्त ते वाचता यायला हवं. ते कसं वाचायचं, हे मी इथे लिहितेय.

उदाहरणाला एकच मशीन धरते, म्हणजे गोंधळ होणार नाही. आय५-३४७० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी डीडीआर३ आणि जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं कार्ड. प्रोसेसर २०१२ चा, कार्ड २०१६ चं. आपल्याकडे अशी जोडी भरपूर दिसते.

स्कोअर फोडून बघा

टाइम स्पाय या बेंचमार्कचा मोठा आकडा बघून कुठलाही निष्कर्ष काढू नका. तो आकडा दोन आकड्यांचा मिळून बनतो: ग्राफिक्सला ८५ टक्के वजन, सीपीयूला १५ टक्के, आणि सरासरीही साधी नसून हार्मोनिक असते. त्या पद्धतीत कमी असलेला आकडा एकूण स्कोअरला जास्त खाली ओढतो. समजा ग्राफिक्स ४००० आहे. सीपीयू स्कोअर ५००० असेल तर एकूण ४१२४ येतात. तोच सीपीयू २५०० असेल तर एकूण ३६७०. कार्ड तेच, त्याचं काम तेवढंच, आणि साडेचारशे गुण गेले. म्हणून तुलना करताना फक्त ग्राफिक्स स्कोअर घ्यायचा. आपल्या १०६० ला टाइम स्पायमध्ये तो चार हजारांच्या जरा वर यायला हवा. तिथे पोचत असेल तर कार्डाबद्दलची तक्रार संपली, आता प्रोसेसरकडे बघायचं.

फायर स्ट्राइक या दुसऱ्या बेंचमार्कमध्ये ग्राफिक्स, फिजिक्स आणि कंबाइन्ड असे तीन भाग असतात. तिथे ग्राफिक्स बरं, फिजिक्स आणि कंबाइन्ड पडलेलं, असं दिसलं तरी अर्थ हाच.

हेवन या बेंचमार्कच्या बाबतीत एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. त्यातला 'एक्स्ट्रीम' प्रीसेट १६०० बाय ९०० वर चालतो. तुम्ही स्वतः १९२० बाय १०८० लावून चालवलंत आणि समोरच्याचा आकडा एक्स्ट्रीमचा असेल, तर तुमचे फ्रेम कमीच येणार. हेवन २००९ चं असलं तरी मी ते अजून ठेवलंय, कारण ते प्रोसेसरला फार त्रास देत नाही. जुन्या मशीनवर कार्ड एकटं तपासायचं असेल तर ते फार उपयोगी पडतं. हेवनमध्ये आकडा ठीक आणि गेममध्ये मात्र अडखळतंय, असं असेल तर कार्ड जवळजवळ निर्दोष सुटलं म्हणा.

पैसे न लागणारं आधी

मॉनिटरची केबल कार्डालाच लावलीय ना? हा प्रश्न विचारताना मला कधी संकोच वाटत नाही. केबल मदरबोर्डच्या पोर्टात राहिली तर बेंचमार्क आय५-३४७० मधल्या एचडी २५०० ग्राफिक्सवर चालू शकतो, किंवा कार्डाने काढलेली प्रत्येक फ्रेम परत बोर्डाकडून फिरून स्क्रीनवर येते. दोन्हीत नुकसानच.

फ्रेम बरोबर ६० वर अडकत असतील तर व्ही-सिंक, म्हणजे फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधून ठेवणारं सेटिंग, चालू आहे. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ते बंद करा, आणि तिथेच पॉवर मॅनेजमेंट 'प्रीफर मॅक्झिमम परफॉर्मन्स'वर ठेवा. विंडोजचा पॉवर प्लॅन 'पॉवर सेव्हर'वर राहिलेला नाही ना तेही बघा. रिफर्बिश्ड मशीन ऑफिसमधून आलेली असतात, तिथे हा प्लॅन हमखास लावलेला असतो. मागे विंडोज अपडेट चालू असताना टेस्ट घेऊ नका. मशीन सुरू झाल्यावर दहा मिनिटं तसंच राहू द्या, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क आणि सीपीयू शांत झाले की मग सुरुवात करा.

आधी दुसऱ्या कंपनीचं कार्ड असेल तर त्याचा ड्रायव्हर उरलेला असतो. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे सगळे ज्याला डीडीयू म्हणतात ते, सेफ मोडमध्ये चालवून सगळं साफ करा आणि नवा ड्रायव्हर टाका. इंटरनेट तेवढा वेळ काढून ठेवा, नाहीतर विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर बसवतं. १०६० सारख्या पास्कल पिढीच्या कार्डांना ५८० मालिकेचा ड्रायव्हर शेवटचा आहे, त्यापुढचे नंबर शोधत बसू नका.

एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा: तारीख, काय बदललं, ग्राफिक्स स्कोअर, सीपीयू स्कोअर, कमाल तापमान, खोलीत पंखा होता की एसी. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी घेतलेला स्कोअर आणि डिसेंबरातल्या सकाळचा स्कोअर एकसारखा येत नाही. हे लिहून ठेवलं नाही तर तुम्ही उन्हाळ्यालाच बिघाड समजून बसाल.

जीपीयू-झेड उघडा आणि हेवन लावा

इथे घाई करू नका, खरा तपास इथेच होतो.

कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही. त्याचा 'सेन्सर्स' टॅब उघडा, हेवन विंडोत चालवा आणि दोन्ही शेजारी ठेवून दहा-पंधरा मिनिटं बघत राहा. चार ओळी महत्त्वाच्या: जीपीयू लोड (कार्डाला किती काम आहे), जीपीयू क्लॉक (कार्डाचा वेग), तापमान आणि 'पर्फकॅप रीझन'. शेवटची ओळ एनव्हिडिया कार्डांवर दिसते आणि मला ती सगळ्यात प्रिय आहे, कारण कार्डाचा वेग याहून वर का जात नाही याचं कारण ती सरळ लिहून देते.

'व्हीरेल' किंवा 'व्हीओप' लिहिलेलं असेल तर काळजी नाही. कार्ड त्याच्या व्होल्टेजच्या मर्यादेपर्यंत पोचलंय, म्हणजे जोरात चाललंय. 'पॉवर' आलं तर कार्ड त्याच्या स्वतःच्या वीजमर्यादेला टेकलंय. हे भल्याभल्या कार्डांवर दिसतं, क्लॉक ठीक असेल तर सोडून द्या. '१०६०' चा अधिकृत बूस्ट क्लॉक १७०८ मेगाहर्ट्झ आहे, चांगलं थंड कार्ड त्याच्याही वर जातं. 'थर्मल' आलं तर तापलंय. आणि टेस्ट चालू असतानाही 'आयडल' किंवा 'यूटिल' येत असेल, लोड ५०-६० टक्क्यांवर लोळत असेल, तर कार्डाला कामच मिळत नाहीये. ते बसून आहे. अशा वेळी कार्ड बदलून, चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट बदलून, ओव्हरक्लॉक करून काहीही मिळणार नाही.

कार्ड एएमडीचं असेल तर ही ओळ नसते. तिथे लोड, क्लॉक आणि तापमान या तिघांवरूनच ताडायचं. लोड ९९ आणि क्लॉक पडलेला, तर उष्णता किंवा वीज. क्लॉक आणि लोड दोन्ही खाली, तर कार्ड रिकामं बसलंय.

वाट किती रुंद आहे

आता जीपीयू-झेडच्या पहिल्या टॅबवर 'बस इंटरफेस' अशी चौकट आहे. तिथे 'पीसीआयई एक्स१६ ३.० @ एक्स१६ १.१' असं काहीतरी लिहिलेलं असतं. पीसीआयई म्हणजे कार्डाकडे डेटा यायची वाट, आणि तिचे पदर म्हणजे लेन; एक्स१६ म्हणजे सोळा लेन, ३.० म्हणजे त्या वाटेची पिढी. '@' च्या आधीचं म्हणजे कार्डाची कुवत, नंतरचं म्हणजे आत्ता प्रत्यक्षात काय चालू आहे. १.१ बघून घाबरू नका, काम नसताना कार्ड वीज वाचवायला वेग कमी करतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट सुरू करा आणि मग परत वाचा. आय५-३४७० वर ३.० दिसू शकतं, बोर्डाच्या बायोसवर, म्हणजे त्याच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरवर, ते अवलंबून आहे. आय५-२४०० सारख्या २०११ च्या प्रोसेसरवर २.० च दिसेल, कारण त्या लेन प्रोसेसरमधूनच येतात. २.० ने १०६० चं फार बिघडत नाही. सोळा लेन मिळून ८ जीबी प्रति सेकंद होतात, तेवढं या कार्डाला पुरतं.

बिघडतं ते '@' नंतर एक्स१६ ऐवजी एक्स४ किंवा एक्स१ दिसलं की. सोळा पदरी रस्त्यावर पंधरा पदर बंद पडल्यासारखं ते असतं. ३.० च्या एका लेनमधून सेकंदाला जेमतेम १ जीबी जातं, २.० च्या एका लेनमधून त्याच्या निम्मं.

मिरजेचा एक मुलगा असंच मशीन घेऊन आला होता. कार्ड परत करायला निघालाच होता. म्हणाला, "ताई, दुकानदाराला तुम्हीच फोन करून सांगा." म्हटलं, "थांब रे, आधी रेंडर टेस्ट लावू." लावली, तर एक्स१. कार्ड बाहेर काढलं आणि उजेडात तिरकं धरलं. सोनेरी पट्ट्यांवर, टोकाकडच्या भागात, एक करडा चिकट थर होता. धूळ आणि कसलं तरी तेल. कार्ड आधी जिथे कुठे चाललं असेल तिथलं. त्यामुळे लेन जुळत नव्हत्या आणि बोर्ड निमूटपणे एकाच लेनवर काम भागवत होता. काही एरर नाही, स्क्रीन काळी नाही, फक्त स्कोअर कमी.

साफ कसं करायचं: मशीन बंद, मेनचा प्लग काढलेला, पॉवर बटण एकदा दाबून उरलेली वीज घालवलेली. कार्ड काढून मऊ पांढऱ्या खोडरबरने पट्ट्यांवर हलक्या हाताने, पट्टीच्या लांबीच्या दिशेने घासा. शाई खोडायचं खरखरीत रबर वापरू नका, सोन्याचा मुलामा उडतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बिनधाग्याच्या कापडाने पुसा, पूर्ण सुकू द्या. स्लॉटमध्ये ब्लोअरची हवा मारा. कार्ड परत बसवताना स्लॉटच्या टोकाचा खटका वाजला पाहिजे आणि मागचा स्क्रू लागला पाहिजे. जड कार्ड स्क्रूशिवाय एका बाजूला लोंबतं आणि लेन पुन्हा सुटतात. त्या मुलाच्या मशीनवर यानंतर एक्स१६ आलं आणि तिथल्या तिथे गेम सुरळीत चालला.

कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये आहे हेही बघा. जुन्या बोर्डांवर दोन लांब स्लॉट असले तरी दुसऱ्यात बहुधा चारच लेन जोडलेल्या असतात. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०१० टॉवरमध्ये निळा स्लॉट खरा सोळाचा, काळा दिसायला तेवढाच पण आतून चारचा. कार्ड निळ्यातच हवं.

कार्ड रिकामं बसलंय, मग प्रोसेसर काय करतोय

लोड कमी येत असेल तर एचडब्ल्यूइन्फो हे मशीनचे सेन्सर दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. प्रोसेसरच्या कोअरचा क्लॉक आणि तापमान बघा, आणि 'थर्मल थ्रॉटलिंग'च्या (तापल्यामुळे वेग उतरवण्याच्या) ओळीत 'येस' आलंय का ते बघा. ३४७० चा क्लॉक ताणाखाली ३ गिगाहर्ट्झच्या वर राहायला हवा. तो मध्येच १.६ वर कोसळत असेल आणि तापमान शंभरच्या आसपास असेल, तर कूलर हाताने हलवून बघा. इंटेलच्या त्या काळच्या स्टॉक कूलरला चार प्लॅस्टिकच्या पुशपिन असतात. दहा वर्षांत त्यातली एखादी सुटते, कूलर एका कोपऱ्यात किंचित वर उचलला जातो. डोळ्यांना सहज दिसत नाही, बोटाने ढकललं की कळतं. कूलर काढा, वाळून खडूसारखी झालेली पेस्ट अल्कोहोलने पुसा, तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा, आणि पिना समोरासमोरच्या जोडीने दाबा. पिन तुटलेली असेल तर नवा कूलर घ्या. दोऱ्याने किंवा झिपटायने बांधून दिलेला कूलर मी स्वीकारत नाही.

दुसरं, रॅम. ८ जीबीची एकच स्टिक आहे का? डीडीआर३-१६०० ची एक स्टिक १२.८ जीबी प्रति सेकंद देते, दोन स्टिक दोन चॅनेलमध्ये बसवल्या की २५.६. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या मेमरी टॅबमध्ये एक चॅनेल चालू आहे की दोन ते कळतं. जुनी डीडीआर३ स्टिक आता स्वस्तात मिळते. जुन्या चार कोअरच्या मशीनवर गेममधले झटके कमी करायला याहून चांगला खर्च मला माहीत नाही. मशीनचं घड्याळ रोज मागे जात असेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेलही बदला. सेल संपला की बायोसमधलं तुम्ही केलेलं सेटिंग टिकत नाही.

विंडोजमधलं 'मेमरी इंटिग्रिटी' हे सुरक्षेचं सेटिंग सातव्या पिढीच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरवर जास्त जड पडतं, कारण त्यासाठीची हार्डवेअरमधली सोय त्यांच्यात नाही. फरक मोजण्यापुरतं बंद करून बघा. पण त्याच मशीनवर बँकेचं काम होत असेल तर मी ते चालूच ठेवायला सांगते.

ताप आणि वीज

१०६० साधारण ८३ अंशांना टेकलं की स्वतःचा वेग कमी करायला लागतं. पहिल्या फेरीत स्कोअर चांगला, तिसऱ्या फेरीत पडला, तर कारण उष्णता. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून पुन्हा टेस्ट घ्या. स्कोअर सुधारला तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाहीये, पुढे एक पंखा लावा. सुधारला नाही तर कार्डाचाच हीटसिंक भरलाय. ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा, हवेच्या जोराने भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. पेस्टसाठी कार्ड उघडलंत तर मेमरीवरचे थर्मल पॅड जसेच्या तसे परत बसवा. फाटले तर त्याच जाडीचे घ्या. जाडी चुकली की हीटसिंक चिपला नीट टेकतच नाही.

एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या डब्यावर, '४५० वॅट' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचू नका. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचा. १८ लिहिलं असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. आपला प्रोसेसर ७७ वॅटचा, कार्ड १२० चं, हेच १९७ झाले. बोर्ड, हार्डडिस्क, पंखे अजून बाकी आहेत. असं मशीन स्कोअर कमी देण्याऐवजी बहुतेक वेळा टेस्टमध्ये फटकन बंद होतं किंवा रीस्टार्ट होतं. हेवन चालू असताना मोकळ्या मोलेक्स पिनेवर पिवळ्या आणि काळ्या वायरीत मल्टिमीटर लावा. ११.४ व्होल्टच्या खाली उतरत असेल तर एसएमपीएस बदला, दुसरा उपाय नाही.

हार्डडिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या पिनेपासून कार्डाची सहा पिनांची केबल बनवणारं कन्व्हर्टर बाजारात शंभर-दोनशेत मिळतं. ते लावू नका. साटाची पिन १२ व्होल्टवर ५४ वॅटसाठी बनलीय, कार्डाची सहा पिनांची जोडणी ७५ वॅटची असते. वितळलेल्या पिना मी पाहिल्यात, आणि हे मशीन पोरं रात्रभर रेंडरिंगला लावून झोपतात.

कार्ड खरंच तेच आहे का

एवढं करूनही ग्राफिक्स स्कोअर खाली असेल तर मग कार्डाकडे वळा. जीपीयू-झेडमध्ये शेडर्सचा, म्हणजे कार्डातल्या छोट्या गणना करणाऱ्या घटकांचा, आकडा बघा. ६ जीबीच्या १०६० ला १२८०, ३ जीबीवाल्याला ११५२. नाव एकच असलं तरी ती वेगळी कार्डं आहेत. आरएक्स ५८० ला २३०४ हवेत, २०४८ दिसले तर ते '२०४८एसपी' मॉडेल, म्हणजे जवळपास ५७०. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली कार्डंही विकली जातात, ती ओळखता आली तर जीपीयू-झेड नावाजवळ 'फेक' असं दाखवतं.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं कार्डांवरचं मायनिंग (गणितं सोडवून चलन मिळवणं) बंद झालं आणि मायनिंगची कार्डं ढिगाने बाजारात आली. त्यातल्या ५८० वर अनेकदा मायनिंगचा बायोस टाकलेला असतो. कोअरचा वेग मुद्दाम उतरवलेला, मेमरीचे टायमिंग बदललेले. काही मॉडेलवर कडेला छोटा स्विच असतो, मशीन बंद करून तो दुसऱ्या बाजूला केला की मूळ बायोस सुरू होतो. स्विच नसेल तर आधी आहे तो बायोस सेव्ह करून, नेमक्या त्याच मॉडेलचा मूळ बायोस टाकावा लागतो. हे काम पहिल्यांदाच करत असाल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा.

आणि नवं कार्ड घ्यायच्याच विचारात असाल तर जुन्या बोर्डासाठी लेन मोजून घ्या. आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन आहेत. पीसीआयई ४.० वर ते चालून जातं, २.० च्या बोर्डावर मात्र त्याच्या वाट्याला २ जीबी प्रति सेकंद येतात, आणि ४ जीबी मेमरी भरली की ते गुदमरतं. इंटेलची आर्क कार्डं रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरता येण्याची सोय) नसेल तर फार मागे पडतात, आणि २०१२ च्या बोर्डात ती सोय नसते. जीटीएक्स १६५० किंवा १६६० सुपर यांना पूर्ण सोळा लेन आहेत. १६५० ची बरीच मॉडेलं तर ७५ वॅटमध्ये, स्लॉटच्याच विजेवर चालतात, वेगळी केबल लागत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीत, पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड आणि हेवन घेऊन जा. दुकानातच कार्ड लावून शेडर्स, बस इंटरफेस आणि दहा मिनिटांनंतरचं तापमान बघा, या तिन्हींचा फोटो काढा आणि मगच पैसे द्या.